जुने एरँगेल : सावित्रीच्या खोऱ्यातून एका खेळाची आठवण

थ्रेड : २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यांत ‘पबजी मोबाइल’ हा खेळ होता. त्यानंतर सहाच दिवसांनी, ८ सप्टेंबरला, या खेळाची १.० ही आवृत्ती जगभर प्रसिद्ध झाली आणि तिच्याबरोबर ‘एरँगेल’ या त्याच्या मूळ नकाशाने नवे रूप घेतले. घरांच्या भिंती बदलल्या, गवत दाट झाले, रस्त्यांच्या कडेला नादुरुस्त रणगाडे आणि अडथळे दिसू लागले. भारतातील खेळाडूंच्या दृष्टीने बंदी आणि बदल एकाच आठवड्यात आले. म्हणूनच ‘जुने एरँगेल’ हे शब्द इथे उच्चारले जातात, तेव्हा त्यांत नकाशाची आठवण असते तशीच एका संपलेल्या काळाचीही असते.

२०१८ साली पंधरा-सोळा वर्षांची असलेली मुले आज विशी ओलांडून गेली आहेत. महाड-पोलादपूरच्या बाजूला, वीरच्या स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणांत, ‘पोचिंकीत उतरायचो’ असे वाक्य ऐकू आले तर नवल वाटायला नको. पोचिंकी हे एरँगेलच्या मध्यभागी असलेले काल्पनिक गाव. तिथे कुणीच कधी गेलेले नाही. तरीही क्रियापद भूतकाळी आणि अनुभव प्रत्यक्ष. इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे, अशी ही गोष्ट आहे.

ऑनलाइन खेळांच्या आरंभकाळाबद्दलचे स्मरणरंजन पबजीपेक्षा बरेच जुने आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, केवळ अक्षरांनी चालणारा ‘मड’ हा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. तेव्हापासून असा प्रत्येक खेळ पुरेसा जगला की त्याच्या खेळाडूंचे दोन तट पडतात : आरंभी असलेले आणि नंतर आलेले. पहिल्यांचे म्हणणे बहुधा एकच असते, ‘खरी मजा तेव्हा होती’.

या दाव्याची प्रत्यक्ष परीक्षा दोनदा झाली आहे.

पहिली परीक्षा ‘रूनस्केप’ची. अँड्र्यू गोवर या केंब्रिजच्या तरुणाने आपल्या भावांच्या साथीने उभा केलेला हा खेळ ४ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. पुढे त्यात इतके बदल झाले की जुने खेळाडू दुरावले. २०१३ मध्ये कंपनीला ऑगस्ट २००७ ची एक संपूर्ण प्रत जपून ठेवलेली सापडली. ती पुन्हा सुरू करावी का, यावर मतदान घेतले गेले. सुमारे साडेचार लाख मते पडली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला आणि लोकप्रियतेत तो मूळ खेळाच्याही पुढे गेला. गंमत अशी की, जुने जसेच्या तसे हवे म्हणणाऱ्या याच खेळाडूंनी पुढे मतदान करकरून त्यात नवे प्रदेश, नव्या मोहिमा, नवे राक्षस आणवले. २००७ साल तिथे राहिले ते नावापुरते आणि रंगरूपापुरते. फरक एवढाच की बदल आता त्यांना विचारून होत होता.

दुसरी परीक्षा अधिक बोलकी आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २३ नोव्हेंबर २००४ रोजी आला. त्यात रॅग्नारोस नावाचा अग्निदैत्य होता. त्याला हरवायला चाळीस खेळाडूंचे पथक लागे. पहिल्या पथकाला ते जमायला जवळजवळ पाच महिने लागले. पुढे जुन्या रूपाची मागणी इतकी वाढली की ‘नॉस्टाल्रियस’ नावाचा अनधिकृत सर्व्हर उभा राहिला. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर तो बंद पडला, तेव्हा लाखोंच्या सह्यांचे निवेदन कंपनीकडे गेले. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच ‘क्लासिक’ नावाने जुना खेळ परत आणला. तोच दैत्य, तीच गुहा. या वेळी रॅग्नारोस आठवड्याच्या आत पडला.

याचे एक कारण तांत्रिक आहे. क्लासिकमधील नियम २००६ च्या अखेरच्या, खेळाडूला काहीशा सोप्या पडणाऱ्या आवृत्तीचे होते. पण मोठे कारण वेगळे. २००४ मध्ये त्या गुहेत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. २०१९ मध्ये ते सर्वांना पाठ होते. कंपनीला गुहा परत देता आली. पंधरा वर्षांपूर्वीचे अज्ञान परत देणे कुणाच्याच हातात नव्हते. आरंभीच्या दिवसांची गोडी बरीचशी या सामायिक अज्ञानात असते, आणि ते एकदा संपले की कोणत्याही सर्व्हरवर पुन्हा सुरू करता येत नाही.

जाता जाता : ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडवला, तो घरापासून दूर गेलेल्यांना जडणाऱ्या एका आजाराचे नाव म्हणून. पुढच्याच वर्षी, १६८९ मध्ये, रायगड मोगलांच्या हाती गेला. राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीला होते, आणि शिवछत्रपतींच्या कारकिर्दीची कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेली बखर त्याच जिंजीत तयार झाली. आरंभीच्या दिवसांची नोंद बहुतेकदा ते दिवस आणि ती जागा हातची गेल्यावरच होते. आजाराला नाव युरोपात मिळाले. लक्षणे सह्याद्रीलाही अपरिचित नसावीत.

आता वीरकडे.

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये खुला झाला. कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड आणि वीर. पुढचा, खेडपर्यंतचा टप्पा १९९५ मध्ये सुरू होईपर्यंत रूळ इथेच संपत होते. संपूर्ण मार्ग व्हायला १९९८ उजाडले. महाडला जाणाऱ्याने आजही वीरलाच उतरायचे आणि पुढे एसटी किंवा रिक्षा धरायची. रोहा-वीर मार्गाचे दुहेरीकरण २०२१ मध्ये पुरे झाले, तेव्हा दुसरा रूळही वीरपर्यंतच आला. कोकणात येणाऱ्या नव्या गोष्टींचे टोक बनण्याचा हा मान वीरला दोनदा मिळाला.

या टापूचा आणखी एक स्थायीभाव म्हणजे स्थलांतर. गिरणगावाच्या काळापासून इथल्या घरटी एखादा तरी माणूस मुंबईला. नंतर पुणे, वापी, आखाती देश. महाडला औद्योगिक वसाहत आली, तरी चाकरमानी हा शब्द जुना झाला नाही. गणपती आणि शिमगा या दोन सणांना गाव भरायचे, एरवी ओसरायचे. पबजीची इथली गोष्ट या पार्श्वभूमीशिवाय कळणार नाही.

भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. शहरांतल्या एका पिढीने सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळला. त्यांच्या आठवणी वेगळ्या आहेत आणि त्यांत खुर्चीला खुर्ची लावून बसलेले मित्र आहेत. डोंगरकपारीतील वाड्या-वस्त्यांवर मात्र घरात संगणक आणि तारेचे इंटरनेट येण्याचा टप्पा बहुतेकांनी पाहिलाच नाही. त्यांचे पहिले इंटरनेट मोबाइलचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, दर कोसळले, आणि महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरणाऱ्यांना दिवसाला एक-दीड जीबी मिळू लागले. १९ मार्च २०१८ रोजी पबजी मोबाइल जगभर खुला झाला, तेव्हा ही भूमी नुकतीच नांगरून तयार होती. योगायोग म्हणावा तर एवढा मोठा.

खेळाचे स्वरूप सर्वांना माहीत आहे, तरी नोंदीसाठी. ब्रेंडन ग्रीन या आयर्लंडच्या रचनाकाराच्या कल्पनेतून संगणकावरचा मूळ पबजी २०१७ मध्ये आला. शंभर खेळाडू विमानातून आठ किलोमीटर लांब-रुंद बेटावर उतरतात. हातात काहीच नसते. घराघरांत शिरून शस्त्रे, औषधे, शिरस्त्राणे गोळा करायची. सुरक्षित वर्तुळ लहान होत जाते आणि शेवटी एक जण किंवा चौघांचे एक पथक उरते. एरँगेल हे नाव ग्रीनने आपल्या मुलीच्या नावावरून घडवले.

डेटा खेळताना फारसा लागत नसे. खरा घास घेई तो खेळ उतरवून घेण्याचा आणि दर नव्या आवृत्तीचा. दिवसाचा कोटा त्यातच संपायचा. दोन जीबी रॅमच्या फोनवर खेळ कसाबसा चाले, तापलेल्या फोनवर चित्र अडखळे, म्हणून चित्राची प्रत सर्वांत खालच्या पातळीवर ठेवण्याची रीत पडली. जुलै २०१९ मध्ये अशाच फोनांसाठी ‘लाइट’ आवृत्ती भारतात आली. पडद्याच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा असे : हिरवा, पिवळा, लाल. कोकणातल्या पुष्कळ गावांत रेंज मिळण्याची जागा ठरलेली असते, एखादा कठडा, एखादे वळण, देवळाची पायरी. हिरव्या आकड्यासाठी तिथे जाऊन बसणे हाही त्या खेळाचा भाग होता, जरी तो कोणत्याही नियमपुस्तकात नव्हता.

आणि पथक चौघांचे होते. दहावी-बारावीनंतर एक जण मुंबईला, एक पुण्याला, एक महाडच्या कारखान्यात आणि एक गावातच, अशी फाटाफूट इथल्या प्रत्येक पिढीने अनुभवली आहे. आधीच्या पिढीकडे तिच्यावर उपाय होता तो पत्राचा, पुढे फोनचा, आणि सणाच्या सुट्टीचा. या पिढीला रात्री दहाला एका बेटावर भेटता येऊ लागले. कानाला हेडफोन, माइक सुरू, आणि बोलणे अर्धे खेळाचे, अर्धे गावचे. खेळ कोरियन कंपनीचा, मोबाइलची आवृत्ती चिनी कंपनीची, भूमी रशियन वळणाची. भाषा मात्र रायगड जिल्ह्याची. जुन्या एरँगेलची हुरहूर ज्यांना लागते, त्यांना बहुधा हे तासच आठवत असतात. नकाशा त्या तासांची ओसरी होता.

परंतु स्मृती हे साधन जपून वापरावे लागते. ‘तेव्हा आम्ही रोज चिकन डिनर मारायचो’ हे विधान जवळजवळ प्रत्येक जुन्या खेळाडूकडून येते. शंभरांत एकच पथक जिंकत असताना सगळेच रोज कसे जिंकत होते? उत्तर खेळाच्या रचनेत आहे. नवख्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून खालच्या पातळीवरील सामन्यांत संगणकानेच चालवलेले अनेक खेळाडू, म्हणजे बॉट, मिसळलेले असत. ते सरळ रेषेत धावत, उघड्यावर उभे राहत, नेम धरायला वेळ देत. २०१८ च्या उन्हाळ्यातले पुष्कळसे पराक्रम या बिचाऱ्यांच्या जिवावर झालेले आहेत. बखरीतले सैन्याचे आकडे वाचताना जो सावधपणा बाळगायचा, तोच इथेही लागू.

ज्यांनी हा खेळ बाहेरून पाहिला त्यांच्या आठवणीही याच इतिहासाचा भाग आहेत, आणि त्या गोड नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करून या खेळावर बंदीची मागणी केली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोटला पोलिसांनी मनाई हुकूम काढला आणि खेळणाऱ्या तरुणांना अटकही झाली. परीक्षा, झोप, डोळे, आणि फोनसाठी घरात झालेली भांडणे या गोष्टी खेळाडूंच्या स्मरणरंजनातून सहसा गळालेल्या असतात. त्या नोंदवायच्या तर आईवडिलांना विचारावे लागेल.

आणखीही काही गळालेले असते. ‘सोन्याचे दिवस’ म्हणून ज्या काळाची आठवण निघते, त्याच्या अखेरच्या वर्षात या टापूवर काय काय कोसळले हे पाहण्यासारखे आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. मुंबईचे चाकरमानी गावी परतले, काही पायी. सण नसताना गाव भरले. बेटावर भेटणारी पथके कित्येक ठिकाणी प्रथमच एका ओसरीवर बसून खेळली. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. दक्षिण रायगडात विजेचे खांब, मोबाइलचे मनोरे, आंब्या-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात व संपर्काबाहेर राहिली. पंधराच दिवसांत गलवानचा संघर्ष झाला, २९ जूनला ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी आली, आणि सप्टेंबरच्या यादीत पबजीचे नाव आले. दुकानांतून खेळ काढला गेला तरी ज्यांच्या फोनवर तो होता ते आणखी काही आठवडे खेळू शकत होते. ३० ऑक्टोबर २०२० रोजी भारतासाठीची सेवाच थांबली.

किल्ला पडतो तेव्हा तोफांचा आवाज येतो. इथे फक्त जोडणी होत नसल्याची सूचना आली.

२ जुलै २०२१ रोजी हाच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणून परतला. जुने खाते, जुने कपडे, जुनी पदके नव्या खेळात आणण्याची सोय होती. पण रक्त आता हिरवे होते, ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ आले होते, अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती, आणि एरँगेल नवे होते. त्यानंतर तीन आठवडेही झाले नसतील, २२ जुलैला सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या. बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाडच्या तरुणांना खेळ परत आल्याचा महिना विचारला तर त्यांनी पुराचा महिना सांगणे स्वाभाविक आहे.

पुढचे थोडक्यात. २८ जुलै २०२२ रोजी हा नवा अवतारही दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ च्या अखेरीस तो परतला. आज तो सुरू आहे, नवी मुले तो खेळतात, आणि त्यांचे ‘जुने दिवस’ काही वर्षांनी वेगळ्याच तारखांपासून मोजले जातील. संगणकावरच्या मूळ पबजीने २०२४ मध्ये २०१७ चे एरँगेल काही आठवड्यांपुरते परत आणले होते, एखाद्या जत्रेसारखे. जत्रा उठल्यावर तेही गेले.

या ठिकाणी रायगडाशी तुलना करण्याचा मोह होतो, आणि तो टाळण्याचे कारण नाही. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली, वाडा जळाला. तरी जोती राहिली, पाण्याची टाकी राहिली, बाजारपेठेचे ओटे राहिले. दोनशे वर्षांनी कुणीही पायऱ्या चढून जाऊन वाड्याची लांबी-रुंदी मोजू शकतो. ऑनलाइन खेळाचे जोते उरत नाही. तो खेळाडूच्या फोनवर अर्धाच असतो. उरलेला अर्धा दूरच्या सर्व्हरवर. सर्व्हर थांबला की फोनवरचा तुकडा निरुपयोगी होतो. त्याची प्रत जपायची की नाही हे कंपनी ठरवते. २००७ चे रूनस्केप वाचले ते कुणीतरी एक प्रत ठेवली होती म्हणून. कोणत्याही पुरातत्त्व खात्याचा त्यात हात नव्हता. दोन दशकांपूर्वी भारतासाठी वेगळा सर्व्हर काढून चालवलेल्या ‘रॅग्नारोक ऑनलाइन’चे आज काय उरले आहे, हे पाहिले तर मुद्दा लक्षात येईल : काही चित्रे आणि काही जणांच्या आठवणी.

पबजीच्या बाबतीत साधने याहून पुष्कळ आहेत, पण ती विखुरलेली आणि नाजूक आहेत. विजयाच्या पडद्यांचे स्क्रीनशॉट. चौघांचे व्हॉट्सअ‍ॅप गट, ज्यांत शेवटचा संदेश कित्येकदा ३० ऑक्टोबर २०२० च्या आसपासचा असेल. जुने फोन, ज्यांपैकी महाडातले किती पुराच्या चिखलात गेले असतील कोण जाणे. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे खेळताना केलेली चित्रमुद्रणे.

ही मुद्रणे केली गेली ती नेमबाजी दाखवण्यासाठी. नेमबाजी आज कुणी पाहणार नाही. पण त्यांत जुने एरँगेल मागे दिसते, कोपऱ्यात पिंगचा आकडा दिसतो, आणि आवाज सुरू ठेवला तर चौघे जण बोलताना ऐकू येतात : कोण कुठे उतरतो आहे, कोणाच्या गावात वीज गेली, कोणाची पहाटेची पाळी आहे, आणि या वर्षी गणपतीला कोण कोण येणार आहे.